म्हाताऱ्या कुत्र्याचे रक्त जाते कुठे?

जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात मळ्यातल्या वस्तीवर राखणीला असलेले कारवानी कुत्रे मुळातच सडपातळ असते. त्यामुळे त्याचे वजन उतरू लागले तरी ते घरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. ओठ उचलून पाहिल्यावर हिरडी पांढुरकी दिसली, की पहिला संशय गोचिडांवर जातो, आणि आपल्या भागात तो रास्तच आहे, कारण गोचीडतापात आणि आतड्यातल्या जंतांमुळे कुत्र्याचे रक्त खरोखरच कमी होते. मात्र उतारवयातले कुत्रे औषधपाणी करूनही सावरत नसेल, तर आतड्याच्या कर्करोगाची शंका घ्यायला हवी.

आतड्याच्या अस्तरात गाठ वाढते, तिच्यावर व्रण पडतो आणि त्यातून महिनोन्‌महिने रक्त झिरपत राहते. स्राव लहान आतड्यात असेल, तर विष्ठा डांबरासारखी काळी आणि चिकट होते. तो अगदी थोडा असेल, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मात्र दर २ मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे १ मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जात असते. साठा संपला की अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट निपजतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर पाहिले, तर अशा पेशीचा मधला भाग जवळजवळ रिकामा दिसतो आणि रंग उरतो तो कडेच्या बारीक रेघेपुरता.

आता प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी पाहू, कारण रक्ताच्या अहवालातला हा आकडा फार बोलका असतो, तरीही तो बहुधा दुर्लक्षितच राहतो. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण २ ते ५ लाख प्लेटलेट असतात. एर्लिकिया या जिवाणूमुळे होणाऱ्या गोचीडतापात त्या बहुधा घटतात. उलट दीर्घकाळच्या रक्तस्रावाने लोह कमी झाले असेल, तर त्या अनेकदा वाढतात. रक्त कमी, पेशी लहान आणि प्लेटलेट जास्त, असे चित्र दिसले तर केवळ गोचीड मारून थांबू नये.

गाठीचा भाग सडला किंवा आतड्याला छिद्र पडले, तर पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, वाढतात. लिम्फोमात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारच्या कर्करोगात, क्वचित इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही वाढतात. पण आतड्यातल्या लिम्फोमाच्या पेशी रक्तात सहसा उतरत नाहीत, म्हणून पांढऱ्या पेशींचा आकडा ठीक आला तरी निर्धास्त होता येत नाही.

यांपैकी एकही बदल एकट्याने कर्करोग सिद्ध करत नाही. माणसांची वेदनाशामक गोळी घरच्या घरी दिल्यानेही जठराला व्रण पडून असेच चित्र दिसू शकते; म्हणून अशी गोळी दिली असेल तर डॉक्टरांना ते न संकोचता सांगावे. पुढची वाट पोटाच्या सोनोग्राफीची आणि गाठीचा तुकडा तपासण्याची आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितले, तर आधीचे सगळे रक्त अहवाल सोबत न्यावेत, कारण आकडे कसे बदलत गेले हे त्यांतूनच कळते. गाठ एकाच जागी असेल तर शस्त्रक्रियेने ती काढता येते, आणि लिम्फोमा निघाला तर केमोथेरपीचा विचार होतो.