दिवसाची लाईट

[रात्र, कांद्याचं रान]

रात्रीचे दोन वाजलेत आणि अंधारात तो जो एक उजेड हलतोय ना, ती पाणी द्यायला आलेल्या माणसाच्या कपाळावरची बॅटरी आहे. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात काठी, आणि काठी कशासाठी ते शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. शेतीपंपाला थ्री फेज लाईट पाळीनं येते, आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि रात्रीची पाळी आली की अख्खं शिवार असं जागं असतं. ही रात्रपाळी संपवून शेतीला दिवसा सौर वीज द्यायची जी योजना आहे, तिची ही गोष्ट.

[स्टार्टरची पेटी, जवळून]

आता ही पेटी बघा. स्टार्टरच्या शेजारी ही जी छोटी डबी बसवलीय तिला ऑटो म्हणतात, लाईट आली की मोटर आपोआप चालू, म्हणजे माणसाला उठून विहिरीवर जायला नको. सोय मोठी आहे, पण गावातल्या सगळ्याच पेट्यांत ऑटो असला की लाईट आल्याआल्या सगळ्या मोटरी एकदम उचलतात, व्होल्टेज पडतं, आणि मग डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, जळाली की पुढचे कितीतरी दिवस वायरमनच्या मागे फिरणं आलंच.

तर रात्रीच का? याचं उत्तर चंद्रपूर, कोराडी, परळीच्या कोळशावरच्या वीज केंद्रांत आहे. कोळशाचं केंद्र पंख्यासारखं बटण दाबून बंद करता येत नाही, बॉयलर एकदा तापला की तो चालू ठेवावाच लागतो, आणि रात्री कारखाने, ऑफिसं, बाजार सगळं थंड. मग ही उरलेली वीज घालायची कुठे, तर शेतात, असा तो जुना हिशेब. म्हणजे महाराष्ट्रातल्या रात्रीच्या पाण्यामागे कोळसा आहे, आणि कोळशाच्या एका युनिटमागे हवेत जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड जातो. शेतीपंप किती, तर सुमारे 45 लाख.

[उपकेंद्र, सकाळ]

हे 33 केव्हीचं साधं वीज उपकेंद्र, असं तुमच्याही गावाजवळ असेल. इथून बाहेर पडणाऱ्या लाइनींना फीडर म्हणतात, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. ज्यांना भारनियमनाची वर्षं आठवतात त्यांना हेही आठवत असेल की तेव्हा गावाची लाईट आणि शेताची लाईट एकाच तारेवर होती, शेताची बंद केली की घरातला दिवाही जायचा. म्हणून गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा फीडर वेगळा असं काम पुढे टप्प्याटप्प्यानं राज्यभर झालं. तेव्हा कुणाच्या मनात हवामान बदल वगैरे काही नव्हतं, लोडशेडिंग नीट करता यावं एवढंच होतं. पण शेतीचा फीडर वेगळा झाला म्हणूनच आज तो एकटा उचलून उन्हावर, म्हणजे सौर विजेवर, टाकता येतो, आणि हे माझ्या मते या सगळ्या योजनेतलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

2017 मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. वाहिनी म्हणजे हाच आपला फीडर. सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीपासून, नंतर बरीच वर्षं काम रेंगाळलं, टेंडर निघायची पण कंपन्या फिरकायच्या नाहीत. 2023 मध्ये योजना 2.0 म्हणून पुन्हा आली, यावेळी जमिनीचं आणि पैशाचं गणित नीट बसवून. उपकेंद्राच्या जवळची सरकारी जमीन आधी घ्यायची, खासगी जमीन लागली तर भाड्यानं, हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आणि दरवर्षी त्यात 3 टक्के वाढ. ज्या गावात प्रकल्प होईल त्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, तीन वर्षं. वीज घ्यायचा करार 25 वर्षांचा, भाव युनिटला 3 रुपयांच्या आसपास. उद्दिष्ट 16,000 मेगावॅटचं.

[ड्रोन, पॅनलच्या रांगा]

आणि हे धोंदलगाव, तालुका वैजापूर, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. 2.0 मधला सुरू झालेला पहिला प्रकल्प, 3 मेगावॅटचा. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ज्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं, मिळून 19 मेगावॅट, त्यातलाच हा एक, बाकीचे नांदेड, कोल्हापूर, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यातले.

वरून बघितलं की निळ्या रांगा दिसतात, एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. इथली वीज कुठे लांब जात नाही, पॅनलमधून इन्व्हर्टर, तिथून ट्रान्सफॉर्मर, तिथून जवळचं उपकेंद्र आणि शेतीचा फीडर, बस्स. चंद्रपूरहून शेकडो किलोमीटर तारेतून येताना जी गळती होते ती इथे जवळपास नाहीच. सुमारे साडेसतराशे शेतकऱ्यांना यातून दिवसा लाईट मिळते. हिशेब आपण करून बघू, एक मेगावॅट वर्षाला पंधरा लाख युनिटच्या आसपास देतो, म्हणजे तीनाचे झाले पंचेचाळीस लाख, आणि तेवढी वीज कोळशाची असती तर चार हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड गेला असता. हे एका उपकेंद्राचं झालं.

[ग्रामपंचायतीची भिंत]

भिंतीवर हे जे रंगवलंय ते पर्यावरण विभागाच्या माझी वसुंधरा अभियानाचं, 2020 पासून राज्यभर चालू आहे, झाडं लावा, पाणी वाचवा, शपथ घ्या. चांगलंच आहे ते, पण खरं सांगू का, पर्यावरण विभागाच्या भिंतीपेक्षा ऊर्जा विभागाच्या फीडरनं जास्त कोळसा वाचणार आहे, आणि गावात कुणी याला हवामानाचं धोरण म्हणत नाही. लोक म्हणतात दिवसाची लाईट आली. कांद्याला सकाळी नऊला पाणी सुटतं आणि दुपारी माणूस घरी जेवायला असतो, चेहरे तुम्हाला दिसतायतच.

काही गावांत गायरान पॅनलखाली जायला विरोध झालाय, जनावरं चारायची कुठे हा त्यांचा प्रश्न, आणि 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ असताना दिवसभर लाईट मिळाली तर विहिरी किती उपसल्या जातील याची काळजी पाण्यावर काम करणारे लोक करतात.

[दुपार, चालू पंप]

ज्यांची जमीन उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत आहे आणि किमान तीन एकर मोकळी आहे त्यांना ती भाड्यानं देता येते, एकट्याची कमी पडली तर शेजाऱ्याबरोबर मिळून द्या, अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करायचा. सातबारा तेवढा आधी क्लिअर करून ठेवा, जास्तीत जास्त अर्ज तिथेच अडकतात.