प्रिंट आधी उलटी करा

तीन टोकांचा मुकुट, खरडलेले शब्द, त्यातले काही मुद्दाम खोडलेले. अमेरिकन चित्रकार जाँ-मिशेल बास्किया, लगेच ओळखू येतो. पण मुरलेले कलेक्टर समोरून बघत बसत नाहीत, ते प्रिंट, म्हणजे कागदावर छापलेलं त्याचं चित्र, आधी उलटी करतात. मागे इस्टेटचा, म्हणजे त्याच्यामागे त्याच्या कामाचे हक्क सांभाळणाऱ्या वारसांचा, शिक्का असतो आणि खाली सही. सही त्याची नाही, वडिलांची, जेरार्ड बास्किया.

का, तर ब्रुकलिनचा हा पोरगा १९८८ मध्ये गेला, २७ वर्षांचा, आणि हयातीत त्याने प्रिंट्स केल्या अगदी मोजक्या. आधी मित्र अल डियाझबरोबर 'सेमो' नावाने मॅनहॅटनच्या भिंती रंगवायचा, मग रस्त्यावर पोस्टकार्डं विकायचा, एक तर पॉप आर्टचा बडा कलाकार अँडी वॉरहॉलनेच घेतलं. १९८२ मध्ये 'ॲनाटॉमी' आला, १८ स्क्रीनप्रिंट्सचा (जाळीतून शाई ढकलून छापलेल्या) संच, आणि एडिशनही १८ चीच, म्हणजे नंबर घातलेले असे संच १८. काळ्यावर पांढऱ्या रेषेत हाडं, सांधे, बाजूला त्यांची नावं. सात वर्षांचा असताना गाडीने उडवलं होतं, हॉस्पिटलमध्ये पडून होता तेव्हा आईने 'ग्रेज ॲनाटॉमी' आणून दिलं, डॉक्टरकीच्या पोरांचं जाडजूड पुस्तक, ते ह्याच्या डोक्यातून काही गेलंच नाही.

बाजारात फिरतात त्या मात्र बऱ्याचशा नंतरच्या, त्याच्या चित्रांवरून इस्टेटने काढलेल्या, ६० किंवा ८५ च्या एडिशनमध्ये. लेबलवर १९८२/२००४ असं दिसलं की समजायचं, चित्र पहिल्या सालचं, छपाई दुसऱ्या. ह्यात फसवणूक नाही हो, पण विकणारा पहिलं साल मोठ्याने सांगतो आणि दुसरं गिळतो. मला विचाराल तर भिंतीवर मस्त दिसतात, फक्त ह्या कागदाला त्याचा हात लागलेला नाही हे माहीत असूनच पैसे मोजा. वडील २०१३ मध्ये गेले, त्यानंतरच्या प्रिंट्सवर लिसान आणि जेनीन ह्या बहिणींच्या सह्या. आणि खरं-खोटं ठरवून देणारी इस्टेटची कमिटी तर २०१२ मध्येच बंद झाली, त्यामुळे आता सगळी भिस्त शिक्का, नंबर आणि जुन्या बिलांवर.

२०२२ मध्ये एफबीआयने फ्लोरिडातल्या ऑर्लँडो म्युझियममधून २५ चित्रं उचलून नेली. प्रिंट्स नव्हत्या त्या, पुठ्ठ्यावरची पेंटिंग्ज, बास्कियाने १९८२ मध्ये काढलेली म्हणून लावलेली. एक फेडेक्स ह्या कुरिअर कंपनीच्या खोक्यावर होतं, पुठ्ठ्यावर लेबल कुठे चिकटवायचं ती सूचना छापलेली, आणि ती ज्या फाँटमध्ये होती तो फाँट कंपनी १९९४ च्या आधी वापरतच नव्हती.