फंडाच्या राखणीचा खर्च कोण देतो?

मित्रहो, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटई, पाइप किंवा डाळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला ‘फंड कापला जातो’ एवढे माहीत असते. परंतु कापलेल्या पैशाची राखण कोण करते आणि त्या राखणीचा खर्च कोणाकडून येतो, हे क्वचितच कोणी विचारतो.

या फंडाचा, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा, कायदा १९५२ चा. प्रारंभी तो सहाच उद्योगांना लागू होता आणि कापड हा त्यांपैकी एक असल्यामुळे अंमळनेर, धुळे, जळगाव येथील गिरणी कामगार पहिल्या फेरीतच त्याच्या कक्षेत आले. पुढे वीस किंवा त्याहून अधिक माणसे कामावर असलेल्या बहुतेक आस्थापनांपर्यंत तो पोहोचला.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार रुपये घेणाऱ्या कामगाराचा हिशेब पाहू. त्याच्या वेतनातून बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही तेवढेच भरतो, मात्र त्यातले १,२५० निवृत्तिवेतनाकडे जातात आणि उरलेले ५५० कामगाराच्या खात्यात पडतात. निवृत्तिवेतनासाठी केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. याखेरीज मालक विम्यासाठी ७५ रुपये देतो आणि प्रशासकीय शुल्क म्हणून आणखी ७५.

या शेवटच्या पंचाहत्तर रुपयांकडे माझे लक्ष आहे. हा निधी सांभाळणाऱ्या कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेची कार्यालये, अधिकारी, संगणक यांचा खर्च मुख्यतः या शुल्कातून भागतो. २०१४ पर्यंत ते वेतनाच्या १.१० टक्के होते. २०१५ मध्ये ०.८५, २०१७ मध्ये ०.६५ आणि जून २०१८ पासून ०.५० टक्के झाले. वेळेवर चलन भरणाऱ्या लहान उद्योजकाला या सवलतीने हायसे वाटले असेल, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण निराळीच आहे. जो मालक नोंदणीच करीत नाही, किंवा एकाच छपराखाली दोन-तीन फर्म दाखवून प्रत्येकीच्या मस्टरवर वीसपेक्षा कमी माणसे ठेवतो, त्याच्याकडून हे शुल्क येत नाही. संघटनेचे सर्वांत कष्टाचे काम मात्र त्याच्याच दारात असते. अशा फर्म प्रत्यक्षात एकच आस्थापना आहेत असे ठरवता येते, पण त्यासाठी पगारपत्रके, वीजबिले, बँकेचे व्यवहार समोर ठेवून चौकशी करणारा आणि सुनावणीला पुरेसा वेळ देणारा अधिकारी लागतो. म्हणजे प्रामाणिक मालकाच्या पैशावर अप्रामाणिकाचा शोध चालतो, आणि तो पैसा आटला की शोधालाच आधी कात्री लागते.

अधिकार कमी आहेत असे कोणी म्हणू नये. थकबाकीवर सालीना बारा टक्के व्याज, वर नुकसानभरपाई, बँक खात्याची जप्ती, हे सारे करता येते. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा न भरणे हा तर फौजदारी विश्वासघात ठरतो. ठेकेदार पळून गेला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या मुकादमांच्या हाताखालच्या माणसांपर्यंत अजून नीट पोहोचलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, नोंदलेल्या खात्यांच्या कारभाराचा खर्च शुल्कातून चालू द्यावा, परंतु न नोंदलेल्या कामगारांना शोधण्याचा खर्च केंद्राने अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करून उचलावा, आणि त्यातून दरवर्षी किती नवी आस्थापने जिल्हावार कक्षेत आली, याचा हिशेब कामगार प्रतिनिधी बसतात त्या केंद्रीय विश्वस्त मंडळापुढे मांडावा.