बेलीझचा एक दिवस

नमस्कार श्रोतेहो.

घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत मुलगा-सून नाहीतर लेक-जावई अमेरिकेत असलेलं एखादं तरी घर सापडतंच. आईबाबा तिकडे गेले की मुलं हौसेने सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ ठरवतात. मायामी, टॅम्पा नाहीतर गॅल्व्हस्टनहून निघणाऱ्या या जहाजांच्या वेळापत्रकात कोझुमेल, रोआतान अशी नावं असतात आणि एखाद्या दिवसापुढे लिहिलेलं असतं, बेलीझ. आजचं बोलणं त्या एका दिवसाबद्दल. तो फिरण्यात जाईल की रांगेत, हे बहुतेक वेळा घरी बसून केलेल्या तासांच्या हिशोबावर ठरतं.

मेक्सिकोच्या खाली आणि ग्वाटेमालाच्या पूर्वेला हा चिमुकला देश आहे. पूर्वीचा ब्रिटिश होंडुरास. २१ सप्टेंबर १९८१ ला तो स्वतंत्र झाला. क्षेत्रफळ जवळपास २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पालघर वेगळा होण्याआधीचा आपला ठाणे जिल्हा घेतला तर तसे जवळपास अडीच जिल्हे. लोकसंख्या मात्र ४ लाखांच्या आसपास. एकट्या नवी मुंबईत २०११ च्या जनगणनेत ११ लाखांवर माणसं मोजली गेली होती. राजभाषा इंग्रजी, त्यामुळे बोलण्याचालण्याची अडचण नाही. घाई मात्र इथे कोणालाच नसते. तिथल्या की कॉकर बेटाचं ब्रीदच ‘गो स्लो’, हळू चला. बेटाच्या नावातल्या पहिल्या शब्दाचं स्पेलिंग ‘केय’सारखं दिसतं, पण उच्चार ‘की’. अर्थ, छोटं बेट.

तिकिटावर पहिल्यांदा बघायचं ते जहाज नेमकं कुठे थांबणार ते. ‘बेलीझ’ म्हणजे बेलीझ सिटी असू शकते, नाहीतर हार्वेस्ट की. हार्वेस्ट की हे दक्षिणेकडचं बेट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने विकसित केलं आणि २०१६ पासून तिथे जहाजं लागतात. तिथे धक्का आहे, वाळूचा किनारा आहे, तरणतलाव आहे. जवळचं मुख्य भूमीवरचं गाव प्लासेन्सिया. या बेटावर उतरून उत्तरेकडचे, प्राचीन माया लोकांच्या नगरांचे अवशेष बघायचं ठरवणं व्यर्थ, अंतरच तेवढं आहे. आता पुढचं सगळं बेलीझ सिटीबद्दल.

बेलीझ सिटीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. समुद्रातली प्रवाळभिंत, म्हणजे कोरलची लांब रांग, आणि शहर यांच्यामधला समुद्र उथळ आहे. गाळाने भरत गेलेल्या ठाण्याच्या खाडीच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यामुळे जहाज सात-आठ किलोमीटर बाहेर नांगर टाकतं आणि स्थानिक वेगवान बोटी माणसांना किनाऱ्यावर आणतात. या बोटींना तिथे टेंडर म्हणतात. कोकण बोटींच्या काळात आगबोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून उतारू काठावर यायचे, तीच पद्धत. पाण्यावरचा वेळ १५ ते २० मिनिटं, पण बोटीत बसण्याआधीची रांग तासभराची होऊ शकते. जहाजाकडून सहल घेतलेल्यांना आधी सोडतात. बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी मिळते. ती कधी आणि कुठल्या मजल्यावर वाटणार हे आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपमध्ये असतं. वाटप सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं तिथे हजर राहा. न्याहारीला निवांत बसलात तर चिठ्ठी शेवटच्या गटाची हातात येते.

आता हिशोब करू. समजा तिकिटावर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ लिहिलंय. नऊ तास दिसतात. ८ ला नांगर पडला, कागदपत्रांचे सोपस्कार झाले, रांग, बोट, आणि जमिनीवर पाय लागेपर्यंत साडेनऊ. शेवटची बोट साधारण साडेतीनची. तीन वाजता धक्क्यावर परतायचं ठेवलं तर हातात राहतात साडेपाच तास. ठरवायचं ते या साडेपाचात, नऊ तासांत नाही.

यात सगळ्यात मोठा सापळा घड्याळाचा आहे. बेलीझ वर्षभर एकाच वेळेवर चालतं, भारतापेक्षा साडेअकरा तास मागे. फ्लोरिडा उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतं. एप्रिलमध्ये मायामीहून निघालेल्या जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली, तर जहाजावर ५ वाजतात तेव्हा बेलीझमध्ये ३ वाजलेले असतात. किनाऱ्याचं नेटवर्क मिळालं की फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. माणूस फोनकडे बघून म्हणतो, अजून दोन तास आहेत, आणि तिकडे जहाज नांगर उचलत असतं. म्हणून साधं मनगटी घड्याळ न्या, जहाजावर चढल्यावर त्यांच्या वेळेला लावा आणि उतरल्यावर त्याला हात लावू नका. फोनची स्वयंचलित वेळ बंद करून ठेवा. जहाजाच्या सहलीची गाडी उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही, आणि मग पुढच्या बंदरापर्यंतचं विमान आपल्या खर्चाने.

साडेपाच तासांत काय बसतं? आल्तुन हा हे माया लोकांचं प्राचीन नगर शहरापासून ५० किलोमीटरवर, म्हणजे ठाण्याहून आसनगावइतकं. जायला तास, यायला तास, बघायला सव्वा तास. हिरवळीवरची दोन मोठी मैदानं, भोवती दगडी मंदिरं, सगळं एका नजरेच्या टप्प्यात. १९६८ मध्ये इथेच डेव्हिड पेंडरगास्ट यांच्या उत्खननात जेड दगडात कोरलेलं सूर्यदेवाचं मस्तक सापडलं, वजन सव्वाचार किलोच्या वर. मंदिराच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा, खालूनही छान दिसतं. टोपी आणि पाणी मात्र हवंच, मैदानात सावली कमी.

गुहेतून वाहणाऱ्या नदीत रबरी ट्यूबवर बसून तरंगायचं असेल तर नोहोच चेएन. गाडीने साधारण सव्वा तास, मग ट्यूब हातात घेऊन जंगलातून अर्धा-पाऊण तास चाल, मध्ये नदी ओलांडणं. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा मिळतो. मागे पट्टा असलेले फ्लोटर घाला, चप्पल पहिल्याच प्रवाहात वाहून जाते. जोराचा पाऊस पडला की पाणी चढतं आणि गुहा बंद करतात, म्हणून आगाऊ पैसे भरण्याआधी परताव्याचं विचारून घ्या. आपल्या सत्तरीच्या आईबाबांना मी हे सुचवणार नाही. त्यांच्यासाठी आणि लहान नातवंडांसाठी बेलीझ झू उत्तम. १९८३ मध्ये शॅरन मटोला यांनी तो सुरू केला. तिथे फक्त त्या देशातलेच प्राणी आहेत, जग्वार आहे, आणि राष्ट्रीय प्राणी तापीर, डुकरासारखा दिसणारा, छोट्या सोंडेचा. वाटा सपाट, वर झाडांची सावली, शहरापासून पाऊण-एक तास.

शुनानतुनिच या आणखी एका माया नगराचं नाव जाहिरातींत दिसेल. चाळीस मीटर उंच मंदिर, नदी ओलांडायला हाताने चाक फिरवून चालवायची नाव, सगळं मोहक आहे. पण तिथे जाणं-येणं म्हणजे वाशीहून पुण्याला जाऊन परत येणं. पहिल्या बोटीत जागा मिळाली नाही तर तो बेत सोडून द्या. प्रसिद्ध ब्लू होलचंही तसंच. सुमारे ३०० मीटर रुंद आणि सव्वाशे मीटर खोल असलेलं ते निळं वर्तुळ किनाऱ्यापासून ७० किलोमीटर आत समुद्रात आहे, बोटीने दिवस जातो. छोट्या विमानातून तासाभराची चक्कर मिळते. शिवाय खरं रूप वरूनच दिसतं.

समुद्रात उतरायचं असेल तर मात्र बेलीझसारखी जागा नाही. सुमारे ३०० किलोमीटर लांबीची प्रवाळभिंत, १९९६ पासून जागतिक वारसा. मध्यंतरी ती धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली होती. देशाने आपल्या समुद्रात तेल शोधण्यावर कायद्याने बंदी आणली, तिवरांसाठी नियम कडक केले आणि २०१८ मध्ये तिचं नाव त्या यादीतून निघालं. ऐरोलीच्या खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना तिवरांचं मोल ठाऊक आहे. तिथेही तेच झाड किनारा धरून ठेवतं आणि माशांची पिल्लं सांभाळतं. त्यामुळेच बेलीझ सिटीला जुहूसारखी चौपाटी नाही. वाळू हवी तर बोटीने बेटांवर जावं लागतं. की कॉकरला पाऊण तास लागतो, गॉफ्स की छोटं आणि जवळचं.

स्नॉर्केल म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखाली बघणं. त्याच्या मास्कची परीक्षा अशी करा: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर केसांच्या फटीतून पाणी शिरतं, कड नाकाखाली अगदी वर बसवा. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालूनच उतरा आणि तसं आधी सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही. पाठ तासाभरात भाजते, कारण पाणी गार लागतं आणि ऊन जाणवत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. सुती नको, भिजून जड होतो. आणि कितीही दमलात तरी प्रवाळावर पाय टेकू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत आहे. काहींच्या स्पर्शाने कातडी जळजळते ते वेगळंच. प्रवाळाचा तुकडा किंवा अवशेषांतली खापरी पिशवीत टाकणं हा तिथे गुन्हा आहे. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी तासभर आधी घ्या. बोटीत बसल्यावर घेतलेली उपयोगी पडत नाही.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी नीट ऐका. तिथलं रोजचं जेवण म्हणजे नारळाच्या दुधात राजम्यासारख्या लाल घेवड्याच्या दाण्यांसह शिजवलेला भात, ‘राइस अँड बीन्स’. वास आला की आपल्याला घरच्यासारखं वाटतं. पण त्यात चवीसाठी डुकराच्या शेपटीचा खारवलेला तुकडा घालायची पद्धत आहे. ‘व्हेज आहे का’ विचारलं तर वर चिकन नाही म्हणून हो म्हणतील. ‘पिगटेल घातलंय का, चरबीत शिजवलंय का’ असं नेमकं विचारा. टेबलावरची मारी शार्प्सची हबानेरो मिरचीची चटणी गाजर घातल्यामुळे सौम्य वाटते, पण आपल्या ठेच्याला भारी पडेल. थेंबाने सुरुवात करा. जहाजावरची फळं खाली नेऊ नका, काढून घेतात.

पैशाचं सोपं आहे. २ बेलीझ डॉलर म्हणजे १ अमेरिकी डॉलर, दर ठरलेला. अमेरिकी नोटा सगळीकडे चालतात. अडचण येते ती दोन्हीकडे नुसतं ‘डॉलर’ म्हणतात म्हणून. भाव ठरवताना ‘यूएस की बेलीझ’ हे प्रत्येक वेळी विचारा. १, ५ आणि १० च्या न फाटलेल्या नोटा न्या. सुटे बेलीझ डॉलरमध्ये मिळतील, ते तिथेच खर्च करा, बाहेर ते कोणी बदलून देत नाही. टॅक्सीला मीटर नसतो. हिरवी नंबरप्लेट असलेलीच टॅक्सी घ्या आणि जाऊन-येऊन, थांबण्यासकट भाडं आधी ठरवा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, गाड्या उजव्या बाजूने चालतात.

कागदपत्रांचं एक कलम कित्येकांच्या लक्षात येत नाही. जहाज अमेरिकेतून निघून परत अमेरिकेतच येतं, म्हणजे देशात दुसऱ्यांदा प्रवेश. म्हणून अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने तरी चालणारा असू द्या. मुदत कमी असेल तर आधी नूतनीकरण, मग तिकीट. वाटेतल्या प्रत्येक देशासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं हे क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. मुलं अमेरिकी नागरिक असतील तर त्यांचा नियम आईबाबांना लागू होत नाही, गफलत नेमकी इथेच होते. मुंबईहून मायामीला थेट विमान नाही, म्हणून निघायच्या बंदरी किमान दोन दिवस आधी पोचा. पुढचं विमान चुकलं तरी जहाज हातचं जात नाही, झोपही थोडी रुळावर येते.

मोसम डिसेंबर ते मे कोरडा. मे महिन्याच्या सुट्टीत ऊन कडक, पण समुद्र बरा. १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा काळ, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीतली क्रूझ स्वस्त दिसली तरी मार्ग बदलण्याची तयारी ठेवा. १९६१ च्या हॅटी वादळाने बेलीझ सिटीची इतकी वाताहत केली की राजधानीच आत बेल्मोपानला हलवावी लागली. वादळ नसतानाही नुसत्या वाऱ्याने टेंडर बोटी बंद पडतात आणि जहाज न थांबता पुढे जातं. अशा वेळी जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरून ठरवली असेल तर ‘जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा’ हे वाक्य पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

उतरताना पिशवीत जहाजाचं कार्ड, फोटो असलेलं ओळखपत्र, पासपोर्टची झेरॉक्स, सुट्या नोटा, रोजची औषधं, डास पळवायचं मलम, पाण्याची बाटली आणि आदल्या रात्रीचं ते पत्रक ठेवा. त्यावर बंदरातल्या एजंटचा नंबर छापलेला असतो. परतीच्या बोटीला उशीर होतोय असं वाटलं की पहिला फोन त्याला.

नमस्कार.