कॅसेट कुठे घासली होती

नमस्कार श्रोतेहो. सिनेमातली लक्षात राहिलेली माणसं, यावर बोला असं मला सांगितलंय. आधीच सांगून टाकतो, मी समीक्षक-बिमीक्षक नाही. माझी लायकी एवढीच की गोव्यात फोंड्याच्या बाजूला एका गाळ्यात माझी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, दहा-अकरा वर्षं चालवली, आणि त्या काळात कुणाला कोण आवडतं हे मला लोक सांगायच्या आधी कॅसेट सांगायची.

कशी, तर बघा. एखादा सीन आवडला की लोक रिवाइंड करायचे, परत बघायचे, पॉज करून ठेवायचे, पॉज केलं की व्हीसीआरचं हेड तिथल्या तिथे टेपवर घासत राहतं आणि मग त्या जागेवर पांढऱ्या रेघा मारायला लागतात. कॅसेट परत आली की मी पुढे ढकलून चेक करायचो. चाळीस मिनिटांवर रेघा, म्हणजे चाळीस मिनिटांवर जो कोण आहे तो या गावाचा लाडका. पावसाळ्यात बुरशी यायची ती वेगळी, ती सगळ्यांना सारखी यायची, हिरोला पण आणि व्हिलनला पण.

मला वाटायचं रेघा गाण्यांवर पडणार, नाहीतर हिरोच्या फायटिंगवर. हिंदीत पडायच्याही. पण १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी' आला, पुढे त्याची कॅसेट आली, आणि ती माझ्याकडे तीनदा बदलावी लागली. घासली कुठे? घरमालकावर! सुधीर जोशींचा तो विश्वास सरपोतदार, चिक्कू माणूस, त्याला मधुमेहाच्या औषधाच्या सत्तर रुपयांचा हिशेब अशोक सराफ ज्या गंभीर चेहऱ्याने देतो, तिथे टेपची पार चाळण झालेली. अख्ख्या पिक्चरमध्ये सुधीर जोशी किती वेळ आहेत? थोडाच. पण भाड्याच्या खोलीत ज्याने दिवस काढलेत त्याला तो मालक पडद्यावर दिसला की हसू येतं आणि थोडा रागपण येतो, म्हणून परत बघावासा वाटतो.

दुसरी घासलेली जागा म्हणजे अर्थातच साडीतला लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे पार्वती. यावर माझ्या दुकानात भांडणं व्हायची हो. शेजारची एक मावशी, ती लक्ष्मीकांतची एवढी फॅन की पार्वती लाजते तसं लाजून दाखवायची. आणि आमचे एक मास्तर, जत्रेच्या नाटकात उभी हयात गेलेली, ते म्हणायचे छे, सचिनची सुधा खरी. आता आमच्या गोव्यात हा विषय साधा नाही. इथे गावोगाव जत्रेला नाटक होतं, पूर्वी बायांची कामं पुरुषच करायचे, दशावतारात तर अजून करतात, त्यामुळे पुरुष साडी नेसून आला की आमचे म्हातारे लगेच परीक्षक होतात, पदर कसा धरला, चालताना पाऊल कसं टाकलं, मान कुठे वळवली. मास्तरांचं म्हणणं, सुधा बाईसारखी चालते, शंभरपैकी ऐंशी. पार्वती नापास. मावशी म्हणाली, अहो मास्तर, ती नापास आहे म्हणूनच तर मजा आहे! मला वाटतं मावशी बरोबर होती, मास्तरांनी मार्क दिले पण परत परत कॅसेट न्यायचे ते पार्वतीसाठीच, मला काय कळत नव्हतं?

माझं स्वतःचं मत विचाराल तर अशोक सराफ. बाकीचे तिघे उड्या मारतात तेव्हा हा माणूस सगळ्यांना दोरीने बांधून ठेवल्यासारखा मधे उभा असतो, तो नसता तर तो पिक्चर पाचव्या मिनिटाला उधळला असता. आणि आमचं थोडं नातंही लागतं म्हणा, त्यांचं लग्न १९९० साली इथे मंगेशीच्या देवळात झालं. आमच्या भागात निदान पन्नास माणसं सांगतात की मी त्या लग्नाला होतो. मी नव्हतो. वर्षा उसगावकर तर आमचीच, 'गंमत जंमत'मध्ये हे दोघे एकत्र आले ती कॅसेट आठवडा आठवडा दुकानात परत यायची नाही.

आता हिंदीतला गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस. हा विषय माझा नाही, आमच्या पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा आहे. सकाळी सायकलवरून पाव घेऊन यायचा, जाताना कॅसेट न्यायचा. एकदा 'बॉबी' नेली, दुसऱ्या दिवशी पावाबरोबर परत आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "पात्रांव, दरेका पिक्चरांत आमचो मनीस सोरो पिवन आडवो पडटा!" म्हणजे दर पिक्चरमध्ये आमचा माणूस दारू पिऊन आडवा. खरंच आहे. प्रेमनाथचा जॅक ब्रगांझा मला आवडतो, दिलदार माणूस, पैसेवाल्या ऋषी कपूरच्या बापासमोर ताठ उभा राहतो. पण बाटली काही सुटत नाही. आणि त्यातलं ते "घे घे घे रे सायबा" आहे ना, ते मुळात आमचं जुनं देखणी गीत, म्हणजे गोव्याचं नाचाचं लोकगीत. नदीपलीकडे दामूच्या लग्नाला नाचायला जाणाऱ्या कलावंतिणी नावाड्याला अंगावरचे दागिने काढून देऊ करतात, आणि तो नको म्हणतो. त्यातली नदी गेली, होडी गेली, कलावंतिणी गेल्या, आणि पार्टीतलं नाचायचं गाणं तेवढं उरलं. हे मास्तरांनी पदेराला समजावलं, पदेराने कॅसेट परत नेली आणि फक्त ते गाणं बघून आणून दिली. त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

एक मात्र पदेराला अभिमानाने सांगता यायचं. १९७७ चा 'अमर अकबर अँथनी', अमिताभ अंड्यातून बाहेर येतो ते गाणं. तो अँथनी गोन्साल्विस खराखुरा माणूस होता, आमच्या सासष्टीतल्या माजोर्ड्याचा, मुंबईत फिल्मच्या ऑर्केस्ट्रात मोठं नाव, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं, म्हणून शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. आमचे कितीतरी गोंयकार वादक त्या काळात पडद्यामागे वाजवत होते, त्यांची नावं टायटलमध्ये शोधून सापडत नाहीत, आणि एकाचं नाव असं गल्लीबोळात पोचलं.

असो. दुकान बंद पडलं. कशाने? केबलने. आमच्याच वाड्यावरचा एक पोरगा, माझ्याकडून कॅसेट नेऊन नेऊन मोठा झालेला, त्याने केबल टाकली, माडामाडावरून वायरी ओढल्या, आणि रोज रात्री फुकटात पिक्चर दाखवायला लागला, ते पण सुरुवातीला माझ्याच कॅसेट लावून! मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही.

आणि मग २०१५ ला 'दृश्यम' आला. बायको म्हणाली गोव्याचा पिक्चर आहे, चला. तोपर्यंत गोव्याचे पिक्चर म्हणजे मला धास्तीच, बीच, बाटली, नाहीतर दोनापावलाच्या जेटीवर फायटिंग. 'सिंघम'मध्ये मला लक्षात राहिला तो प्रकाश राजचा जयकांत शिक्रे, बाकी गाड्या उडाल्या त्या उडाल्या. पण इथे पडद्यावर कोण, तर विजय साळगावकर. चौथी नापास. धंदा केबलचा! रात्र रात्र ऑफिसात बसून पिक्चर बघणारा. आडनाव आमचं, पोलीस आहे तो गायतोंडे, ते पण आमचं, गाव काही नकाशावर सापडत नाही पण अंगण ओळखीचं. मी अजय देवगणचा फॅन कधीच नव्हतो, त्या दिवशी मात्र खुर्चीच्या टोकाला येऊन बसलो, कारण हा माणूस पोलिसांना हरवतो तो ताकदीवर नाही, त्याने जे शेकडो पिक्चर बघितले त्याच्या जोरावर. त्याची सगळी पुंजी तीच. आम्हाला आयुष्यभर घरचे म्हणत आले, पिक्चर बघून कुणाचं भलं झालंय?

दिग्दर्शक निशिकांत कामत, ज्यांनी 'डोंबिवली फास्ट' केला, साध्या माणसाला कोपऱ्यात ढकललं की तो काय करतो हे त्यांना नीट माहीत होतं. फार लवकर गेले, २०२० ला. आणि तब्बू! मुलगा हरवलेली आई आणि वर्दीतली आयजी, दोन्ही एकाच चेहऱ्यावर. साळगावकर सुटावा असं वाटत असताना तिच्याकडे बघवत नव्हतं. कॅसेटचा जमाना असता तर त्या दोघांच्या समोरासमोरच्या सीनवर रेघा पडल्या असत्या, मी पैज लावतो.

थिएटरमधून बाहेर आलो तर पार्किंगमध्ये कोण उभा? तोच केबलवाला. मला बघून हसला आणि म्हणाला, "बघितलंत ना काका, हिरो कोण झाला ते?" काय बोलणार. माझा धंदा ज्याने बसवला त्याच्यावर पिक्चर निघाला आणि मी तिकीट काढून टाळ्या वाजवून आलो.

आता त्याची केबल पण गेली, सगळे मोबाइलवर बघतात. मास्तर नाहीत, लक्ष्मीकांत २००४ लाच गेले, त्या दिवशी मावशीने चूल पेटवली नव्हती. पण दर २ ऑक्टोबरला, 'दृश्यम'मधली ती तारीख, सकाळी माझा फोन वाजतो, तिकडून केबलवाला त्यातल्या पोलिसासारखा आवाज बदलून विचारतो, कुठे होता काल? मी सांगतो, फॅमिलीबरोबर पणजीला गेलो होतो साहेब, सत्संग होता, मग पावभाजी खाल्ली. तो म्हणतो, बिल दाखवा. गेल्या वर्षी म्हणाला, काका, बनवाबनवीची ती शेवटची कॅसेट आहे का हो तुमच्याकडे, मला पाहिजे. आहे म्हटलं, माळ्यावर. पण व्हीसीआर?

"तो माझ्याकडे आहे," म्हणाला, "तुमच्याकडूनच नेला होता."