पॅकेजचा आकडा कुठून येतो?

श्रोतेहो, नमस्कार.

खुब्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन. पॅकेज अमुक इतकं. त्यात खोली आली, भूल आली, नवा सांधा आला, औषधं, ड्रेसिंग, डॉक्टरांची फी, सगळं आलं. पेशंट चौथ्या दिवशी काठी टेकत घरी गेला तरी तेवढेच पैसे आणि ताप चढून बारा दिवस पडून राहिला तरी तेवढेच. पैसे विमा कंपनी भरो की सरकार, आकडा आधीच ठरलेला. तो कुणीतरी बसून काढलेला असतो, आणि काढण्याचं एक मोठं हत्यार म्हणजे रिग्रेशन. पाठ्यपुस्तकात त्याला समाश्रयण म्हणतात. आपण रिग्रेशनच म्हणू. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. गणित आहे, पण कागद-पेन्सिल घेऊन बसायला नको.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेतली मेडिकेअर ही वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना १९६६ साली सुरू झाली. रुग्णालयाने झालेला खर्च दाखवायचा आणि सरकारने तो भरायचा, अशी तिची रीत. खर्च वाढला तर रुग्णालयाचं काहीच बिघडत नव्हतं, म्हणून तो वाढतच गेला. त्याच दशकाच्या अखेरीस येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी पेशंटचे गट पाडायला घेतले. आजार कोणता, ऑपरेशन झालं का, वय किती, सोबत दुसरा आजार आहे का, यावरून ज्यांना साधारण सारखीच साधनं लागतात असे पेशंट एका गटात. गंमत म्हणजे दर ठरवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. रुग्णालय नेमकं काम किती करतं हे त्यांना मोजायचं होतं. पण मोजमाप तयार झालं की त्यावर कुणीतरी किंमत लावतंच. ऑक्टोबर १९८३ पासून मेडिकेअरने याच गटांवर ठरावीक दर द्यायला सुरुवात केली. या गटांना डीआरजी म्हणतात. पुढे ऑस्ट्रेलियाने, जर्मनीने आणि आणखी कितीतरी देशांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या.

आता आकडा काढायला बसू. पहिली अडचण कच्च्या मालाची. बिल म्हणजे खर्च नव्हे. बिलात रुग्णालयाला जे लावता आलं ते असतं. खर्च म्हणजे प्रत्यक्षात जे लागलं ते. मेडिकेअरने यावर तोडगा काढला तो असा, की प्रत्येक रुग्णालयाने दरवर्षी खर्चाचा ताळेबंद द्यायचा, त्यावरून विभागवार खर्च आणि बिल यांचं प्रमाण काढायचं आणि बिलाला त्या प्रमाणाने गुणायचं. जर्मनीने जास्त कष्टाचा मार्ग धरला. तिथे २००१ साली इनेक नावाची संस्था उभी राहिली. निवडक रुग्णालयं ठरलेल्या पद्धतीने प्रत्येक पेशंटमागचा खर्च नोंदवतात, ऑपरेशन थिएटर त्याच्यासाठी किती मिनिटं अडलं इथपासून, आणि तो या संस्थेकडे जातो. या नोंदी कंटाळवाण्या असतात, त्यांचं कौतुक कुणी करत नाही; पण त्या कच्च्या असतील तर पुढचं सगळं गणित पोकळ.

नोंदी हातात आल्या असं धरू. खुब्याच्या सांध्याचे काही हजार पेशंट, प्रत्येकाची एक ओळ. ओळीत वय, मधुमेह आहे की नाही, मूत्रपिंडाचा विकार आहे की नाही, ऑपरेशन आधी ठरवून झालं की हाड मोडल्यामुळे तातडीने करावं लागलं, आणि शेवटी खर्च. सरासरी खर्चाला १०० म्हणू. रिग्रेशन आपल्याला असं काहीतरी सांगतं: ठरवून केलेलं ऑपरेशन आणि दुसरा काही आजार नाही, तर ८८. मधुमेह असेल तर ६ वाढवा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर २१. हाड मोडून तातडीने आला असेल तर १७. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. म्हणजे मूत्रपिंड बिघडलेला, पडून हाड मोडलेला पेशंट झाला ८८ अधिक २१ अधिक १७, एकूण १२६.

तुम्ही म्हणाल, यासाठी रिग्रेशन कशाला? मधुमेहींची सरासरी काढा, बाकीच्यांची काढा, वजाबाकी करा. पण मधुमेही पेशंट सहसा वयानेही जास्त असतात, त्यांच्यात मूत्रपिंडाचे विकारही जास्त आढळतात. साध्या वजाबाकीत हे तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि वयाचा खर्च मधुमेहाच्या नावावर पडतो. रिग्रेशन विचारतं की वय तेच, मूत्रपिंड तसंच, घाई तेवढीच, आणि फक्त मधुमेहाचा फरक असेल तर खर्च किती बदलतो? या पद्धतीची खरी कमाई एवढीच आहे, आणि ती थोडी नाही.

आता एक खोच सांगतो. रुग्णालयाच्या खर्चाचा आलेख एका बाजूला लांब शेपूट काढतो. बहुतेक पेशंट मधे गोळा झालेले आणि थोडे फार फार महाग. पाच पेशंट घ्या. खर्च ५०, ८०, ९०, १०० आणि पाचवा अतिदक्षता विभागात गेला त्याचा ४८०. सरळ सरासरी १६०. त्या एकट्याने सगळ्यांना वर ओढलं. अभ्यासक मग लॉगरिदम घेतात, म्हणजे मोठ्या आकड्यांना दाबून जवळ आणणारी गणिती क्रिया करतात. लॉग घेतला की शेपूट आटोक्यात येतं, रेषा, म्हणजे रिग्रेशनने नोंदींमधून काढलेलं सूत्र, नीट बसते, सगळे खूश. शेवटी लॉग उलटवून परत पैशात यायचं. पण तसं सरळ उलटवलं तर उत्तर १६० येत नाही, सुमारे ११२ येतं. प्रत्येकाचे ११२ दिले तर पाच जणांचे झाले ५६० आणि रुग्णालयाचा खर्च झाला ८००. २४० चा खड्डा! यात कुणाची लबाडी नाही, घोटाळा सगळा लॉग उलटवण्यातला आहे. नाइहुआ दुआन या संख्याशास्त्रज्ञाने १९८३ साली यावर दुरुस्ती सुचवली. योगायोग पाहा, मेडिकेअरचे ठरावीक दर आले तेच हे साल. अशी दुरुस्ती न करता दर जाहीर झाले, तर आकडेमोड सुबक असूनही रुग्णालयं दरवर्षी तोट्यात जातील आणि तोटा कुठून येतो हे कुणाला सापडणारही नाही.

तो ४८० वाला पेशंट मात्र दुरुस्तीनंतरही उरतोच. वर्षाला दोन हजार ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयात असे पेशंट सरासरीत जिरून जातात. वीस ऑपरेशनं करणाऱ्या छोट्या रुग्णालयाचं अख्खं वर्ष एकाच पेशंटमध्ये बुडतं. म्हणून मेडिकेअरने वेगळी सोय ठेवली आहे. खर्च ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेला, की वरच्या खर्चाचे साधारणपणे ८० टक्के वेगळे मिळतात. पूर्ण शंभर देत नाहीत, कारण मग हात आवरायचं कारणच उरणार नाही.

आता या विषयातल्या माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. कोणता रकाना दरात घ्यायचा आणि कोणता नाही? खर्च सगळ्यात चांगला कशावरून सांगता येतो म्हणाल, तर पेशंट किती दिवस राहिला यावरून. तो रकाना घातला की रेषा नोंदींना झक्क चिकटून बसते. नवशिक्या विश्लेषकाला वाटतं, जिंकलो! पण तो दरात घातला तर आपण पुन्हा दिवसांवर पैसे देऊ लागलो. पेशंटला एक दिवस जास्त ठेवा, दर वाढेल. किती तपासण्या केल्या, किती वेळा एमआरआय काढला, या रकान्यांचंही तेच. खर्च त्यांच्यावरून उत्तम कळतो आणि नेमके म्हणूनच ते दरात नकोत, कारण ते ठरवणं रुग्णालयाच्या हातात आहे. दरात घ्यायचं ते पेशंट दारातून आत येताना जे सोबत घेऊन येतो ते: वय, आजार, मोडलेलं हाड. त्यामुळे रेषा थोडी सैल बसली तरी चालेल. खर्चाचं स्पष्टीकरण देणारं मॉडेल आणि पैसे देण्यासाठीचं मॉडेल ही दोन वेगळी कामं आहेत, आणि नोंदींशी अचूक जुळणं हा दुसऱ्या कामाचा निकष नव्हे.

आणि जिथे रेषा स्पष्ट उत्तर देते तिथेही शेवटचा शब्द तिचा नसतो. याचं सुरेख उदाहरण मेडिकेअरच्या सुरुवातीचंच आहे. ज्या रुग्णालयांत शिकाऊ डॉक्टर असतात तिथे तोच आजार महाग पडतो. जास्त तपासण्या होतात, वेळ जास्त जातो, गुंतागुंतीचे पेशंटही तिकडेच धाडले जातात. किती महाग, हे रिग्रेशनने काढलं. दर खाटेमागे शिकाऊ डॉक्टरांचं प्रमाण ०.१ ने वाढलं, की खर्च सुमारे ५.७९ टक्क्यांनी वाढतो. कायद्यात मात्र आकडा आला ११.५९ टक्के. सरळ दुप्पट! नवे ठरावीक दर आले तर शिक्षण देणारी मोठी रुग्णालयं आडवी पडतील, अशी भीती होती. तेव्हाची गटवारी आजाराची तीव्रता नीट पकडत नव्हती, त्यामुळे ती भीती अगदीच निराधार नव्हती. मला यात आवडतं ते एवढंच, की दुप्पट केलं हे उघड होतं. गणिताचा आकडा अमुक, आम्ही तमुक देतो, कारण हे. दशांशचिन्हापुढच्या दोन आकड्यांमागे कुणाचा निर्णय लपलेला नव्हता. पुढच्या वर्षांत तो आकडा टप्प्याटप्प्याने खाली आला, साडेपाचाच्या आसपास.

रेषेपासून प्रत्येक रुग्णालय थोडं वर किंवा खाली असतं. वर असलेल्याला आपण उधळ्या म्हणून मोकळे होतो. जपून म्हणावं. तो फरक उधळपट्टीचा असू शकतो किंवा त्याच्याकडे येणारे पेशंट आपल्या रकान्यांत मावत नाहीत अशा तऱ्हेने जास्त आजारी असू शकतात. घरी सांभाळणारं कुणी नाही, पेशंट आधीच कुपोषित आहे, हे कोणत्या रकान्यात लिहिलंय? उरलेल्या फरकाला स्वतःचं नाव नसतं. ते आपण देतो.

शिवाय रेषा जाते ती आज जशी रुग्णालयं चालतात त्यांच्या मधून. सगळीच उधळी असतील तर रेषाही उधळी, आणि सगळीकडे नर्सेस कमी असतील तर कमी नर्सेसचाच दर निघतो. आंद्रेई श्लायफर या अर्थतज्ज्ञाने १९८५ साली एक युक्ती मांडली: प्रत्येकाचा दर बाकीच्यांच्या खर्चावरून ठरवा, म्हणजे आपला खर्च कमी केल्याने आपला दर पडत नाही, वाचलेले पैसे खिशात राहतात आणि सगळे हळूहळू काटकसर करतात. युक्ती चालते. प्रश्न काटकसर कशात होते हा. जर्मनीत रुग्णालयांनी ती नर्सेसच्या संख्येत केली. इतकी, की २०२० पासून तिथल्या सरकारने वॉर्डातल्या नर्सेसचा पगार ठरावीक दरातून बाहेरच काढला आणि तो वेगळा, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे द्यायला सुरुवात केली.

अमेरिकेतलं चित्र वेगळ्या बाजूने बोलकं आहे. रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी १९८३ च्या ठरावीक दरांच्या आधीचे आणि नंतरचे पेशंट ताडून पाहिले आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. रुग्णालयातला मुक्काम जवळजवळ चतुर्थांशाने घटला होता. मृत्यू वाढले नव्हते, हे महत्त्वाचं. पण प्रकृती स्थिर नसताना घरी पाठवलेल्यांचं प्रमाण १० वरून १५ टक्क्यांवर गेलं होतं. साहजिकच आहे. आपल्या ओळीतला शेवटचा रकाना डिस्चार्जपर्यंतच्या खर्चाचा होता. त्यानंतर घरच्यांनी जे काढलं, ते कुठेच नोंदलं जात नव्हतं.

दर लागू झाला की नोंदीही बदलतात. मूत्रपिंडाच्या विकाराला २१ मिळतात म्हटल्यावर तो विकार जास्त काळजीने शोधला जातो, जास्त काळजीने लिहिला जातो, आणि कधी कधी नसतानाही लिहिला जातो. २००८ च्या आर्थिक वर्षासाठी मेडिकेअरने आजाराच्या तीव्रतेप्रमाणे नवे ७४५ गट केले, तेव्हा कागदावर पेशंट जास्त आजारी दिसू लागणार हे गृहीत धरून आधीच दरात कपात सुचवली. रुग्णालयांनी ओरड केली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती कपात कमी केली. पण पुढच्या वर्षीची रेषा याच बदललेल्या नोंदींवर काढायची असते.

नव्या उपचाराचं काय, हा शेवटचा मुद्दा. दर निघतो तो दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नोंदींवरून. काल बाजारात आलेल्या उपकरणाची त्यात एकही ओळ नाही, आणि ओळ नसेल तर रिग्रेशन गप्प बसतं. अशा वेळी मेडिकेअर अर्ज तपासून दोन-तीन वर्षं दराच्या वर वेगळी भर देते. तोवर पुरेशा ओळी साठतात, मग भर बंद होते आणि तो उपचार नेहमीच्या गणितात जातो.

नमस्कार.