आधी आधार, मग काप

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे बिडाबद्दल, म्हणजे ओतीव लोखंडाबद्दल, आणि ते कसं कापायचं याबद्दल. सांडपाण्याचा जुना उभा पाइप, पायांवर उभा असलेला जड बाथटब, शिलाई मशीनचा नक्षीदार स्टँड, कुंपणाची जाळी, हे सगळं बहुधा बीड असतं. कधीतरी त्यातलं काही कापायची वेळ येते. घरात ग्राइंडर असतो, त्याने सळया, अँगल, पत्रे कापलेले असतात, आणि वाटतं, हेही लोखंडच की! तिथेच घात होतो.

म्हणून हत्यार चालवण्याआधी समोरची वस्तू बीड आहे की पोलाद, ते ओळखा. एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्याला ग्राइंडर क्षणभर टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या आणि फुटत जाणाऱ्या असतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस. ड्रिल मारून पाहिलं तरी कळतं. पोलादातून लांब वेटोळी निघतात, बिडातून काळी भुकटी. ही भुकटी बोटावर चोळली की काजळी लागते. ते ग्रॅफाइट.

या ग्रॅफाइटमध्येच बिडाचा सगळा स्वभाव आहे. बिडात वजनाने साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. बांधकामाच्या साध्या पोलादात तो पाव टक्क्याच्या आसपास असतो. नेहमीच्या करड्या बिडात हा कार्बन बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आत आधीपासून तयार असलेली एक चीर. धातू दाबला तर या चिरा मिटून राहतात. ताणला तर त्यांच्या टोकापासून तडा धावतो. म्हणून बीड जेवढा दाब सोसतं, त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच ताण सोसतं. पोलाद आधी वाकतं आणि मग तुटतं, तेवढ्यात माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. बीड खडूसारखं टचकन मोडतं. कसलीही सूचना न देता.

हे पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चं, आणि मोडताना सूचना देत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १८४७ सालचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

इंग्लंडमध्ये चेस्टर शहरापाशी डी नावाची नदी आहे. तिच्यावर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी रेल्वेचा पूल बांधला. वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज स्टीफन्सन यांचे हे चिरंजीव, आणि स्वतः त्या काळातले नावाजलेले इंजिनियर. पुलाला तीन गाळे, एकेक गाळा ९८ फुटांचा. गर्डर बिडाचे. प्रत्येक गर्डर तीन मोठे तुकडे ओतून, ते बोल्टांनी जोडून केलेला. बीड ताणाला कच्चं असतं हे तेव्हाच्या इंजिनियरांना ठाऊक होतं. त्यासाठी गर्डरच्या अंगाला घडीव लोखंडाच्या लांब पट्ट्या बसवल्या होत्या, म्हणजे ताण त्या घेतील आणि बिडावर येणार नाही. १८४६ साली पूल तयार झाला. गाड्या जाऊ लागल्या, आणि महिनोन्‌महिने काही झालं नाही.

मग १८४७ चा मे महिना आला. लंडनजवळ ब्रुनेल या दुसऱ्या इंजिनियरने बांधलेला एक रेल्वेपूल आगीत सापडला. त्याचा तळ लाकडी होता. डी नदीवरच्या पुलाचाही तळ लाकडीच. इंजिनातून पडणारे निखारे आपल्याही पुलाला जाळतील, अशी चिंता स्टीफन्सनना वाटली, आणि ती रास्तच होती. त्यांनी लाकडावर खडीचा जाड थर पसरायला सांगितलं. २४ मे रोजी खडी पडली. आगीची भीती मिटली.

त्याच संध्याकाळी चेस्टरहून रुआबॉनकडे जाणारी गाडी पुलावर आली. इंजिन शेवटच्या गाळ्यावरून पलीकडे पोचतं न पोचतं तोच त्याच्या मागे गर्डर मोडला आणि डबे नदीत कोसळले. पाच माणसं दगावली.

चौकशी झाली. स्टीफन्सन यांचं म्हणणं होतं की गाडी रुळावरून घसरली आणि तिच्या धक्क्याने गर्डर मोडला. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी मात्र साक्ष दिली की आधी गर्डर मोडला. त्या घडीव पट्ट्यांचं काय झालं? त्या गर्डरलाच अडकवलेल्या होत्या. गर्डर वाकला की त्याच्याबरोबर त्याही हलणार, म्हणजे त्यांचा आधार नावापुरताच. पुढे आयोग नेमला गेला, १८४९ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि अशा रचनेच्या बिडाच्या रेल्वेपुलांवर त्याने ठपका ठेवला.

जाता जाता एक सांगतो. अशा चौकशांचे अहवाल इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला सक्तीने वाचायला लावले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. उभ्या राहिलेल्या पुलाची चित्रं सगळेच पाहतात. मोडलेल्या पुलाचा अहवाल वाचलेला माणूस जपून काम करतो. असो.

आता या पुलाकडे कापणाऱ्याच्या नजरेने पाहा. गर्डर दोन टोकांना टेकलेला, वजन मधे. अशा वेळी वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. तडा जायचा तो ताणाच्या बाजूने, म्हणजे खालून. आणि कालपर्यंत जे पेललं जात होतं, ते थोडं वजन वाढताच पेललं गेलं नाही. स्टीफन्सननी ठिणग्यांचा विचार केला आणि वजनाचा हिशेब राहिला. ग्राइंडर घेऊन बिडाच्या पाइपासमोर उभ्या राहणाऱ्यालाही याच दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, ठिणग्या आणि वजन. ठिणग्या डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची काळजी सगळे घेतात. वजन दिसत नाही.

ते वजन किती, ते ऐका. १०० मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला सगळे चार इंची म्हणतात तो बिडाचा सांडपाण्याचा पाइप मीटरला सुमारे १२ किलो भरतो. तीन मीटरचा एक नग छत्तीस किलोच्या वर, टोकाच्या फुगीर भागाचं वजन वेगळं. तुम्ही खालच्या मजल्यावर पाइप कापायला घेता तेव्हा वरच्या दोन मजल्यांचा पाइप तुमच्या डोक्यावर उभा असतो. भिंतीतल्या जुन्या कड्या गंजून नावापुरत्या उरल्या असतील, तर तो सगळा भार तुम्ही कापत असलेल्या जागेवरच येतो. अशी चीर पूर्ण होण्याआधीच मिटते, डिस्क चिमटली जाते, ग्राइंडर झटका देऊन उसळतो. किंवा चीर पूर्ण होते आणि वरचा पाइप खाली येतो.

म्हणून, आधी आधार, मग काप. जिथे कापायचं त्याच्या वर आणि खाली, एकेक वितीच्या आत, भिंतीत पक्का बोल्ट मारून क्लँप बसवा. तो जुन्या कडीवर टांगू नका. डी नदीच्या पुलावरच्या पट्ट्या अशाच चुकीच्या जागी अडकवलेल्या होत्या. मधला तुकडा काढायचा असेल तर त्याला दोरी बांधून ठेवा, वरचा काप आधी घ्या, खालचा नंतर. आडवा पाइप दोन टोकांना टेकवून मधे कापू नका, वरून घातलेली चीर मिटत जाते. तो सलग पाटावर ठेवा, किंवा कापाच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ टेकू द्या आणि टाकाऊ टोक थोडं मोकळं ठेवा, म्हणजे चीर उघडत जाईल. ते टोक शेवटी हातानेच धरू नका, त्याखालीही टेकू हवा. नाहीतर शेवटचं अर्धं सेंटिमीटर कापलं जात नाही, मोडतं, आणि कडेचा टवका घेऊन जातं.

आता डिस्क. पातळ, एक ते दीड मिलिमीटरची धातू कापायची डिस्क चालते. सिलिकॉन कार्बाइडची बिडाला जास्त मानवते. त्याहून बरी म्हणजे धातू कापण्यासाठी मुद्दाम केलेली डायमंड डिस्क. फरशीची नव्हे, धातूची. तिचा व्यास झिजत नाही, आणि चिमटली तरी तुकडे होऊन उडत नाही. साध्या डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर डिस्क टाकून द्या. वेगही छापलेला असतो. १२५ मिलिमीटरच्या डिस्कवर बहुधा मिनिटाला १२,२०० फेरे लिहिलेले असतात, आणि त्या मापाचा ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो, म्हणून जोडी जमते. १८० मिलिमीटरच्या डिस्कवर ८,५०० लिहिलेलं असतं. ती लहान ग्राइंडरवर बसवायची म्हणजे गार्ड, म्हणजे डिस्कवरचं कवच, काढावा लागतो, आणि मग डिस्क फुटली तर तोंडासमोर फुटते. गार्ड काढायचा नाही. पुन्हा सांगतो, गार्ड काढायचा नाही. आणि बोट काढलं तरी फिरतच राहतो तो लॉकचा खटका! कापकामाच्या ग्राइंडरला तो असूच नये, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या ग्राइंडरला असेल तर वापरू नका.

नवी डिस्क बसवली की माणसं नाहीत अशा दिशेला तोंड करून मिनिटभर मोकळी फिरवा. काप सरळ यावा म्हणून पाइपाला कागदाची सरळ कडेची पट्टी गुंडाळा, कडेला कड जुळली की खडूने रेघ मारा. पहिल्या फेरीत सगळीकडून फक्त एक-दीड मिलिमीटर खोल खाच घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आरपार जा. पाइपाची जाडी चार-पाच मिलिमीटरच असते, घाई नको. डिस्क चिरेत तिरकी करू नका, जोर लावू नका. डिस्क ज्या दिशेने चिरेतून वर चढून पळू पाहते, त्याच्या उलट दिशेने ग्राइंडर सरकवा. दोन्ही हात हँडलवर, आणि स्वतः डिस्कच्या रेषेत नाही, बाजूला उभे राहा.

पाइप भिंतीला चिकटलेला असेल तर मागच्या बाजूला ग्राइंडर पोचत नाही. तिथे पुढेमागे चालणारी सेबर सॉ घ्या, कार्बाइड दातांचं पातं लावा, वेग कमी ठेवा आणि दाब घट्ट. साध्या पात्याचे दात लवकर जातात, कारण पातळ ओतकामात कडा भरभर थंड होऊन अतिशय कठीण झालेल्या असतात. तेल घालू नका, ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं आणि तेलात भुकटी मिसळली की लगदा होऊन दात भरतात. ड्रिलचंही तसंच, कोरडंच मारा. १० मिलिमीटरच्या बिटला मिनिटाला ६०० ते ८०० फेरे पुरतात. बिट पलीकडे निघताना हात हलका करा, नाहीतर मागून टवका उडतो. पाइपाला बाहेरून सगळीकडून हात घालता येत असेल, तर साखळीचा पाइप कटर भाड्याने आणा. त्यात ठिणगी नाही, धूळ नाही. साखळीतली चाकं सगळीकडून सारखी दाबतात आणि पाइप रेघेवर मोडतो. फक्त पाइप गंजून पोकळ झाला असेल तर तो चुरडतो, तेव्हा आधी हातोडीने वाजवून पाहा. खणखणीत आवाज हवा.

बाथटब कापायच्या फंदात पडूच नका. त्यावर जाड ताडपत्री टाका आणि चार-पाच किलोच्या घणाने फोडा. वरच्या इनॅमलचे तुकडे धारदार असतात, म्हणून ताडपत्री.

डोळ्यांना बंद चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल, दोन्ही. कानाला संरक्षण, नाकाला बारीक धूळ अडवणारा, एफएफपी टूच्या दर्जाचा मास्क, अंगात सैल काही नाही. आणि कानात गाणी नकोत. हे रेडिओवरून सांगतो आहे, तरी सांगतो, कापताना रेडिओसुद्धा बंद ठेवा, कारण डिस्क चिमटायला लागली की आवाज आधी बदलतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कापाच्या जागेवरचा रंग रसायनाने आधी काढून टाका. बिडाची भुकटी वीज वाहून नेते, ती ग्राइंडरच्या मोटरमध्ये जाते, म्हणून ३० मिलिअँपियरची ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका, असलेल्या जोडणीवरच काम करा आणि काम संपलं की मोटरच्या जाळ्या हवेने साफ करा.

सांडपाण्याच्या पाइपात ज्वलनशील वायू असू शकतो. आधी भरपूर पाणी सोडा, खिडक्या उघडा, आणि वरच्या मजल्यांवर सांगून ठेवा की काम होईपर्यंत कोणी फ्लश ओढायचा नाही. काप झाला की उघड्या तोंडात लगेच ओल्या फडक्याचा बोळा घाला. कडांची धार कानशीने घासून काढा, नाहीतर जोडाचा रबरी कपलर बसवताना फाटतो. ठिणग्या पडल्या त्या बाजूला भुसा, कापड, पुठ्ठा राहिला नाही ना, ते पाहा, आणि पुढचा एक तास ती खोली सोडून जाऊ नका. जळका वास सगळ्यात आधी तिथेच येतो.